सुमनताईचा जागृत डोंगर

रिसोडच्या बाजारात मी कानटोपी घेत होते तेव्हा फोन आला. मृग लागून गेलेला, पावसाचा पत्ता नाही, उकाड्यानं जीव नकोसा झालेला आणि मी मात्र दुकानदाराला लोकरीच्या कानटोप्या काढायला लावत होते. त्यानं माळ्यावरून धुळीनं माखलेलं खोकं उतरवलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "काकू, बद्रीनाथले चालल्या काय?" मी म्हटलं, "मले नाई पाह्यजे, आमच्या नणंदबाईले पाह्यजे. अन् बद्रीनाथ नाई, इंडोनेशिया." तो हसायला लागला आणि तेवढ्यात केनवडहून ताईंच्या शेजारणीचा आवाज कानात शिरला. सुमनताई अंगणातल्या खाटेवर बसल्या बसल्या कलंडल्या होत्या. डोळे उघडे होते, पण बोलता येत नव्हतं. आम्ही पोचलो तोवर गावकऱ्यांनी त्यांना गाडीत घातलंच होतं. वाशीमच्या दवाखान्यात मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं गेलं, आणि त्यापुढे डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फारसं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेल्या. पंचक्रोशीतल्या बायाबापड्यांचं ब्लडप्रेशर तपासण्यात जिचा जन्म गेला, तिला रक्तदाबानंच असं बेसावध गाठावं याचा मला अजून राग येतो. कुणावर ते कळत नाही, पण येतो.

सुमनताई म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न होऊन केनवडला गेल्या आणि ऐन तारुण्यात नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी परत ये म्हणून माझ्या सासऱ्यांनी पुष्कळ विनवलं, पण त्या नर्सिंगचं शिकल्या, आरोग्यसेविका झाल्या आणि केनवडातच राहिल्या. आसपासच्या खेड्यांत लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची, कुणाच्या सुनेला रक्त कमी आहे म्हणून तिच्या सासूला दम द्यायचा, हे सगळं त्यांनी पायी फिरून केलं. एसटीची वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्यासोबत चालायचं म्हणजे आपण त्यांच्या पाठीशी बोलायचं, इतक्या भराभर चालायच्या. सारा मुलूख त्यांना सिस्टरबाई म्हणायचा. सिस्टरबाई आल्या, सिस्टरबाईले बलवा, सिस्टरबाई रागावतील... त्यांचं खरं नाव किती जणांना ठाऊक होतं, शंकाच आहे.

मात्र याच मुलखाची एक दुसरी बाजू होती, आणि ती मला नवी नवरी म्हणून आल्यावर पहिल्याच संक्रांतीला दिसली. मी केनवडला ताईंकडे गेले होते. गल्लीतल्या बायका वाणाची ताटं घेऊन निघालेल्या, दारोदार हळदी-कुंकू चाललेलं. ताईंच्या दाराशी आल्यावर त्यांची पावलं जराशी घुटमळायची आणि पुढे जायची. यातल्या कितीजणींना ताईंनी पहाटे, अवेळी, चिखलातून जाऊन मोकळं केलेलं होतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई मात्र आत चपला घालत होत्या. "चाल रेखा, वावरात जाऊन येऊ," म्हणाल्या. "कायले?" मी विचारलं. तर म्हणे, "मी घरात दिसली का त्या बायाइले कसंतरी होते. त्याइले कायले अवघडवाचं?" दर संक्रांतीला दुपारभर त्या अशा फिरायला जायच्या, हे मला नंतर कळलं. तक्रारीचा सूर म्हणून नाही. आणि मला तेच जास्त लागायचं.

तर ही बाई साठी उलटल्यावर ज्वालामुखी चढायला निघाली होती. त्याचं खापर आमच्या लेकीवर, ऋतुजावर. ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढते. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा मोबाइलवर एका डोंगराचे फोटो दाखवत बसली. रिंजानी त्याचं नाव. इंडोनेशियातल्या एका बेटावर आहे, अवाढव्य, ढगांच्या वर डोकं काढलेला. वर एक प्रचंड विवर, त्यात निळंशार तळं आणि तळ्याच्या मधोमध आणखी एक छोटा डोंगर, जो अधूनमधून धूर सोडतो. ऋतुजाच्या मैत्रिणींचा गट श्रावणात तिकडे जाणार होता आणि तिनं मला चल म्हणून गळ घातली होती. मला गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी गरगरतं, हे माझ्या लेकीला ठाऊक नाही असं नाही. "मी पायथ्याशी बसून तुझी वाट पाहीन," मी म्हटलं. ताई भाऊबिजेला आल्या होत्या. कोपऱ्यात करंज्या भरत होत्या. तिथून त्यांनी मान वर केली.

"त्याच्यातून अजून धूर निघते काय वं?"

"हो आत्या. जागृत ज्वालामुखी आहे तो," ऋतुजा म्हणाली.

"मंग मी येतो," ताई म्हणाल्या आणि पुढची करंजी भरायला घेतली.

आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात, आणि ताईंच्या तोंडी ते असं यायचं की त्यावर पुढे बोलायची सोयच नसायची. आम्ही सगळे हसलो. हसून झाल्यावर पाहतो तर ताई ऋतुजाला विचारत होत्या की रात्री तिथं थंडी किती असते, वाटेत पाणी कुठं मिळतं आणि चढ कसल्या मातीचा आहे.

मग सुरू झाली ती तयारी. माझी करमणूक आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्याला ताप. ताईंचा पासपोर्ट निघाला, माझाही, कारण पायथ्याशी बसायलासुद्धा पासपोर्ट लागतो. चौकशीला आलेल्या पोलिसानं केनवडात विचारलं, "सिस्टरबाई, नातू गितू आहे काय तिकडं?" तर ताई म्हणाल्या, "डोंगर हाये." त्यानं काय लिहून नेलं देव जाणे. ताईंनी पाठीवरच्या पिशवीत गहू भरले आणि ती पाठीला लावून त्या रोज सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं चालायला लागल्या. नऊवारी नाही, पण साडी, त्यावर ऋतुजानं पाठवलेले घोट्यापर्यंतचे बूट. एका रविवारी आम्ही लोणारला गेलो. खाली तळ्यापर्यंत उतरायचं आणि पुन्हा वर यायचं. लोणारचा खड्डा आभाळातून दगड पडून झालेला आहे, ज्वालामुखीचा नव्हे, हे मी त्यांना पाटीवर दाखवलं. "चढ तं चढच असते," म्हणत त्या खाली उतरल्यासुद्धा. वर आल्यावर त्यांनी आपली नाडी आपणच मोजली आणि घड्याळाकडे पाहून समाधानानं मान हलवली.

खरी अडचण निराळीच होती. ऋतुजानं सांगून ठेवलं होतं की रिंजानीचा शेवटचा चढ म्हणजे निव्वळ राख आणि बारीक खडी; पाय वर टाकावा तर अर्धा खाली घसरतो, आणि भल्याभल्यांचा धीर तिथंच सुटतो. आता आमच्या काळ्या रानात घसरणारा डोंगर आणायचा कुठून? आमचे हे चेष्टेनं म्हणाले, "रिसोडच्या यार्डात सोयाबीनचे ढीग पडले हायेत, त्याच्यावर चढ." ताईंनी असं पाहिलं की ह्यांनी चष्मा पुसायला घेतला. "धान्यावर पाय देऊ काय रे? वेडा हायेस काय?" म्हणाल्या. आठवडाभर त्या भावाशी धड बोलल्या नाहीत. शेवटी रिसोडच्या बाहेर एक दगड फोडायची खदान आहे, तिथं त्यांना हवं ते सापडलं. काळा दगड क्रशरमधून निघाला की बारीक चुरी उरते, तिचे उंचच्या उंच ढीग. ताईंनी तिथल्या चौकीदाराला काय सांगितलं मला माहीत नाही, पण मार्च महिन्यापासून आठवड्यातून दोनदा सकाळी ही बाई साडीचा पदर कमरेला खोचून त्या चुरीच्या ढिगावर चढायची, घसरायची आणि पुन्हा चढायची. मी खाली बाभळीच्या सावलीला चहाचा थर्मास घेऊन बसायचे. ट्रॅक्टरवाले थांबून बघायचे.

एकदा अशाच घामेजून खाली आल्या, बुटांतली चुरी झटकत म्हणाल्या, "ऋतुजा म्हनते, हा आपला काळा दगड बी कधीकाळी असाच आगीतून निघेल हाये. सारं वऱ्हाड त्याच्यावरच बसेल हाये."

"मंग घरचाच ज्वालामुखी असताना इंडोनेशियाले कायले जाता?" मी म्हटलं.

"इथला निजला न वं, रेखा," त्या म्हणाल्या. "मले जागा असलेला पाह्याचा हाये."

‘जागा’ म्हणजे ‘जागृत’. या शब्दानं पुढे काय करून ठेवलं ते सांगायला हवं, कारण ताईंची आठवण म्हटली की मला आता तेच आधी आठवतं. केनवडच्या बाजाराच्या दिवशी विमल नावाच्या बाईनं ताईंना गाठलं. विमल म्हणजे शेतात राबणारी, खणखणीत आवाजाची बाई. तिच्या मुलाचा जन्म ताईंच्याच हातचा. तिनं विचारलं, हे जाडेभरडे बूट घालून पाठीवर ओझं घेऊन सिस्टरबाई कुठं चालल्या असतात? ताईंनी सरळ उत्तर दिलं, पेपरात असतं तशा शब्दांत. "जागृत ज्वालामुखीवर चाल्ली मी, श्रावणात." विमलनं हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.

जागृत! आता आमच्याकडे जागृत काय असतं ते सांगायला नको. नवसाला पावणारं ठाणं जागृत असतं. त्यात नाव ज्वालामुखी, म्हणजे देवीच. त्यात डोंगराचं नाव रिंजानी. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत त्याचं रंजनीमाय झालं आणि संध्याकाळी कामरगावात दिलेल्या विमलच्या लेकीला फोनवर कळलं की आपल्या सिस्टरबाई समुद्रापलीकडच्या जागृत देवीला चालल्या आहेत, जिथं कडक सोवळं असतं आणि पायी चढावं लागतं.

मी हसून हसून बेजार झाले. ताईंनी मात्र हे गांभीर्यानं घेतलं. भेटेल त्या बाईला थांबवून सांगू लागल्या, बाई, ते देऊळ नव्हे, डोंगर आहे, पोटात आग असलेला. बाया म्हणायच्या, "तेच तं म्हनून राह्यलो आमी. पोटात आग घेऊन बसेल हाये माय." डोंगरात आग आहे हे खरंच होतं, आणि ताई एवढा जीव काढून तिकडे चालल्या होत्या हेही.

एप्रिलमध्ये मी केनवडला ताईंकडे राहायला गेले होते, तेव्हा विमल आली. हातात पिशवी. तिनं ताट मागितलं, त्यात तांदूळ, नारळ, हिरवा ब्लाऊजपीस, हळकुंड, सुपारी मांडलं आणि ते ताईंच्या पुढे सरकवलं. "रंजनीमायची ओटी. माया सुनेच्या नावानं." सुनेचं मूल राहत नव्हतं, हे ताईंना ठाऊक होतं. ताईंचा चेहरा उतरला. आधी त्या नर्स झाल्या. विचारलं, "तिले वाशीमले दाखवलं काय? मी चिठ्ठी देल्ती." विमल म्हणाली, दाखवलं, गोळ्या चालू आहेत. "मंग गोळ्या खाऊ दे. हे कायले?" विमल म्हणाली, "थे बी अन् हे बी."

ताईंना नाही म्हणायचं होतं आणि बाईचं मनही मोडायचं नव्हतं. काय करावं ते सुचेना तेव्हा त्यांनी असं काही काढलं, जे मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. अगदी साधेपणानं म्हणाल्या, "विमल, मी अशी बाई. माया हातून देवीची ओटी चालत नाई. तुले माहीत नाई काय?"

मला वाटलं, आता विमल ओशाळेल, ताट उचलेल, आणि संपेल विषय. विमल जागची हलली नाही.

"सिस्टरबाई," ती म्हणाली, "माया पोराची नाळ तुमी कापली. तवा चाललं. आता काहून चालत नाई?"

ताई ताटाकडे बघत राहिल्या... मग त्यांनी पदर पुढे केला. विमलनं ते सगळं त्यांच्या पदरात घातलं, पाया पडली आणि गेली. ती गेल्यावर ताई आत जाऊन बराच वेळ पलंगावर बसल्या होत्या, पदराची ती ओंजळ तशीच धरून. मी जवळ गेले तर डोळे भरून आलेले. "लय वर्साची ओटी हाये वं ही," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर ओट्यांची रीघ लागली. कुणाच्या लेकीचं लग्न जमत नव्हतं, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटत नव्हती, कुणाला नुसताच नवस बोलून ठेवायचा होता. ज्या दारावरून संक्रांतीला ताटं पुढे जायची त्याच दारात बाया चपला काढून आत येत होत्या. आतल्या खोलीतल्या खुंट्यांना पिशव्या टांगल्या गेल्या. मला हे पटत नव्हतं आणि मी ते बोलून दाखवलं. "ताई, तुमी लोकाइले फसवून राह्यल्या. तिथं देवी बिवी काई नाई." ताई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी एकीलेबी खोटं सांगतलं नाई. डोंगर हाये म्हनूनच सांगतो. तरी देतात. आता त्याइनं देल्लं ते वर पोचवनं माया कामात आलं." मी म्हटलं, पोचवणार कुणाला? तर म्हणाल्या, "ते मले बी पाह्याचंच हाये."

माझं मत मी आजही बदललेलं नाही. पण त्या दिवसापासून ताईंचं चढणं बदललं, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आधी त्या गंमत म्हणून चढायच्या, दमल्या की हसत घसरत खाली यायच्या. आता घसरल्या की ओठ मिटून पुन्हा वर. ऋतुजानं फोनवर कितीदा तरी सांगितलं की आत्या, माथ्यापर्यंत जायची गरज नाही, विवराच्या काठावर पोचलं तरी खालचं तळं दिसतं, तिथंच पुष्कळ लोक थांबतात. "पाहू," एवढंच उत्तर. तिथली माणसंही त्या तळ्याला पवित्र मानतात आणि नैवेद्य घेऊन डोंगर चढतात, असं ऋतुजानं कुठंसं वाचून सांगितलं तेव्हा ताईंनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. ते मी कधी विसरणार नाही. त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला होता.

व्यवहाराच्या बाबतीत मात्र त्या पक्क्या. विमानात नारळ-तांदूळ चालायचे नाहीत, आणि त्या डोंगरावर काही टाकायची परवानगीही नाही. तेव्हा नारळ फोडून ज्याचे त्याला प्रसाद म्हणून वाटून टाकले, तांदळाचा भात अंगणवाडीत गेला, आणि नेमके ब्लाऊजपीस उरले. ते घडी घालून वर न्यायचे, डोंगराला दाखवायचे आणि ज्याचे त्याला परत आणून द्यायचे, असं ठरलं. बाया कबूल झाल्या. फक्त एक मागणी सगळ्यांची होती. "तिथला अंगारा आनजा." ज्वालामुखीची राख म्हणजे अंगाराच की! ती उचलून आणता येत नाही म्हणून ताईंनी समजावलं, तर एक म्हातारी म्हणाली, "बुटात येईल तेवढा तं येऊ द्या." त्यावर ताई ज्या हसल्या, पोट धरधरून हसल्या. "अवं, मंग बूट झाडल्यावर सारं गाव पाया पडीन," म्हणाल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना क्वचितच पाहिलं होतं.

आणि मग जूनमधली ती दुपार.

तेराव्यानंतर घर आवरायला गेले तेव्हा आतल्या खोलीत त्या घड्या एका शबनम पिशवीत नीट बांधून ठेवलेल्या दिसल्या. हिरव्या, लाल, जांभळ्या, एक चमचमती जरीची. प्रत्येकीला टाचणीनं नावाची चिठ्ठी. मला काय करावं ते कळेना. ह्यांचं म्हणणं, नदीत सोडून दे. एक चुलत जाऊबाई म्हणाल्या, "रेखा, तूच घेऊन जा आता. एका परीनं बरंच झालं, सवाष्णीच्या हातून जातील." त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, त्यांना सुचलं तेच त्या बोलल्या. मी मात्र तडकलेच. सवाष्णीच्या हातून! त्या बायांनी सवाष्ण शोधून ओट्या दिल्या नव्हत्या. त्यांनी सुमनताई शोधली होती. माझ्या तोंडून हे निघालं आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण ओट्यांना नावं ठेवणारी मीच होते.

तरी मला त्या परतच करायच्या होत्या. मी डोंगर चढणारी नव्हे, त्यातून मला देवी मान्य नाही. दुसऱ्याचा विश्वास असा हातात घेऊन मी कुठवर जाणार? म्हणून पहिली विमलकडे गेले. ती ओसरीत तूर निवडत होती. मी हिरवी घडी तिच्यापुढे ठेवली, म्हटलं, "विमलबाई, ताई तं गेल्या. हे तुमचं तुमाले." तिनं घडीला हात लावला नाही. सुपातले खडे वेचत राहिली. "एकदा देल्लेली ओटी वापस घेत नसतात," म्हणाली. "तुमाले चक्कर येते म्हनून सिस्टरबाई सांगत होत्या. नसन जमत तं पोरीजवळ द्या. ते नेईन." मला बरं वाटलं. हा मार्ग मला का सुचला नव्हता! ऋतुजा नेईल, मी पायथ्याशी बसेन, जसं ठरलं होतं तसंच. मी पिशवी बांधून उठायला लागले.

तर विमलनं विचारलं, "त्याच्यात सिस्टरबाईची कोनती?"

मला आधी कळलंच नाही. "त्याइची कसली?"

"त्याइची ओटी. सगळ्याइच्या नेऊन राह्यल्या होत्या, मंग सोताची बी ठेवली असन न."

मी पिशवी पुन्हा सोडली, एकेक चिठ्ठी पाहिली. मला ठाऊक होतं तरी पाहिली. नव्हती. ताईंनी सगळ्या गावाची ओटी बांधली होती आणि स्वतःची ठेवायची त्यांना सुचलंही नव्हतं. कसं सुचणार? मीही त्यांच्या घरात राहून, त्यांच्या पिशव्या टांगून, एकदाही विचारलं नव्हतं. विमलनं सूप बाजूला सारलं, आत गेली आणि कपाटातून एक नवा ब्लाऊजपीस घेऊन आली. मोरपंखी रंगाचा, दुकानाची चिठ्ठी अजून तशीच असलेला. सोबत मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "पदर करा पुढं."

मी पदर पुढे केला. तिनं ते सगळं माझ्या पदरात टाकलं आणि म्हणाली, "सुमनबाईची."

केनवडात कुणी त्यांचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. विमलच्या दारात उभी राहून मी तेराव्यालाही रडले नव्हते तशी रडले. तिनं रडू दिलं, मग पाणी आणून दिलं आणि लगेच आपल्या त्या खणखणीत आवाजात सूचना केली, "बाकीच्याइच्या दाखवून आनजा. हे मात्र तिथच ठेवून येजा. वापस आनून कोनाले देसाल?"

आता श्रावण तोंडावर आला आहे. ऋतुजाला मी सांगितलं आहे की पायथ्याशी बसायचं रद्द, मी चढणार. माथ्यापर्यंत नाही, तेवढी मला अक्कल आहे. विवराच्या काठापर्यंत, हळूहळू, चक्कर आली की खाली बसत. आठवड्यातून दोनदा खदानीवर जाते. चौकीदारानं पहिल्या दिवशी काही विचारलं नाही, नुसती खुर्ची बाहेर आणून ठेवली. त्या ढिगावर मी अजून निम्म्यापर्यंतच जाते, आणि खाली पाहिलं की तिथंच बसकण मारते. देवी तिथं आहे असं मला आजही वाटत नाही. पण ओट्या मी नेणार आहे, वर काठावर बसून एकेकीचं नाव घेऊन डोंगराला दाखवणार आहे, आणि मला कुणी हसलं तर हसू दे.

ताईंच्या ओटीचं मात्र कोडं होतं. डोंगरावर काही ठेवता येत नाही, ऋतुजानं दोनदा बजावलं आहे. मग मी ठरवलं की दाखवून झाली की ती खाली आणायची आणि पायथ्याच्या गावात एखाद्या बाईच्या हाती द्यायची. भाषा येत नाही, पण ब्लाऊजपीस दिला तर काय दिलं ते कुठल्याही बाईला कळेल. त्या गावांतल्या बायका कुंकू लावत नाहीत म्हणे. त्यामुळे जी कुणी समोर येईल ती सवाष्ण आहे की नाही, ते मला कळणारच नाही.